कमी दाण्यांच्या पेट्या

ताई,

तुझी तेरवी होऊन आठवडा झाला नाही तोच तुझं यंत्र सगळं विसरलं. हे सांगायला मला दुसरं कोणी नाही, म्हणून तुलाच सांगतो. रागवायचं तर माझ्यावर रागव, तुझ्या भावजयीवर, सुमनवर नको. तिने जे केलं ते तुझ्या मायेपोटी केलं, आणि म्हणूनच मला तिला एक शब्द बोलता येत नाही.

मी नागपूरला माल आणायला गेलो होतो. पोळा झाला, गोटमारीची जत्रा झाली, दुकानातल्या बरण्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. सवयीने दुकानामागच्या खोलीत गेलो, तर फळीवर तुझ्या काड्यापेट्या एका रांगेत उभ्या. पुसलेल्या, चकचकीत. मला बरं वाटलं, म्हटलं घरात कोणीतरी तुझ्या वस्तूची कदर करतंय.

सुमन पाणी घेऊन आली. म्हणाली, "अवो, ताईच्या पेट्यांत सोंडे झाले होते. मूग तं पार पोखरून टाकले होते. मी सगळे दाणे काढले, उन्ह दाखवलं, एरंडेल चोळलं अन् परत भरून ठेवले."

"परत कसे भरले?"

"चित्र पाहून. झाकणावर जेवढे बाण तेवढे दाणे. हिरव्या बाणाचा मूग, लाल बाणाची तूर, पिवळ्याची ज्वारी. कितीक पेट्यांत दाणे कमीच होते जी. किडीनं खाल्ले असन. मी आपल्या डब्यातले टाकले. आता एकबी पेटी उणी नाही."

मी तिथेच साखरेच्या पोत्यावर बसलो. ती मला विचारत राहिली, गाडीत त्रास झाला का, जेवलात का. मी हो-नाही काहीतरी म्हटलं. ताई, जे दाणे पेटीत नव्हते, तेच तर तुझं यंत्र होतं. हे त्या माउलीला मी कसं सांगू?

तुला ठाऊक असलेलंच तुला सांगत बसलोय, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ओसरीवर खडूने नऊ घरं आखायची. इकडे माझे तीन चिंचोके, तिकडे तुझ्या तीन सरक्या. पुढे जायचं ते सरळ, एकच घर. मारायचं ते तिरपं. ज्याचा मोहरा पलीकडच्या ओळीत पोचला तो जिंकला, आणि ज्याला हलायला जागा उरली नाही तो हरला. एवढाच खेळ, चहा उकळेपर्यंत संपणारा. आईचा त्यात एकच नियम होता, जो घरात सगळ्यालाच होता: लहान पहिला. वाढायला लहान पहिला, आंघोळीला लहान पहिला, आणि खेळायलाही लहान पहिला. गरम पाण्याच्या बाबतीत तो नियम मला फार आवडायचा.

आणि मी हरायचो. पाठ करून आल्यासारखा हरायचो. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पोरीचं डोकं चालते अन् पोराचं तोंड चालते." सगळे हसायचे, मीही हसायचो. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं, आणि पुढे शाळेत प्रत्येक गणितापाशी ते माझ्या आधी पोचलेलं असायचं. बाबांना दुकानात माणूस हवा होता तेव्हा मला कोणी जबरदस्ती केली नाही. मीच म्हटलं, मी बसतो, ताईला शिकू द्या. लोक अजूनही म्हणतात वसंताने बहिणीसाठी केवढा त्याग केला. त्याग कसला डोंबलाचा? ज्याचं डोकं चालत नाही त्याने तराजू धरावा, एवढा सरळ विचार होता तो.

तू शिकलीस, सौंसरच्या मुलींच्या शाळेत गणिताची बाई झालीस, लग्नाचं नाव काढलं नाहीस. शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडून पांढुर्ण्याला यायचीस आणि सोमवारी पहाटे परत जायचीस. मग एकदा शाळेने तुला भोपाळला कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे एका साहेबाने टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर दाखवला, तो फुली-गोळा खेळायचा. साहेब म्हणाला, याला कृत्रिम बुद्धी म्हणतात. तू परत आलीस ती तोंड फुगवून.

"कशी होती त्याची बुद्धी?" मी विचारलं.

"पाठांतर होतं. जे सांगून ठेवलं तेच करून राहिला. हारला तरी त्याले काई नाही, जिंकला तरी काई नाही. मले हारून शिकणारा पाहिजे."

शाळेला कॉम्प्युटर मिळणार मिळणार म्हणत दोन पावसाळे गेले. तोवर तुला कुठल्या तरी मासिकात हरून शिकणाऱ्या काड्यापेट्यांचं वाचायला मिळालं होतं. एका रविवारी तू दुकानात आलीस आणि गिऱ्हाइकासारखी म्हणालीस, दोन डझन काड्यापेट्या द्या, काड्या नकोत. मी म्हटलं, ताई, काड्या काढून पेट्या विकायचा धंदा अजून मी सुरू केला नाही. त्या सगळ्या काड्या तू सुमनला एका डब्यात ओतून दिल्यास. अजून आमचा स्टोव्ह त्याच डब्यातल्या काडीने पेटतो. तुझ्या उशाशी लावलेल्या दिव्याची काडीही त्यातलीच होती.

प्रत्येक पेटीच्या झाकणावर तू नऊ घरं काढलीस आणि त्यात खेळाची एकेक अवस्था: माझे चिंचोके कुठे, यंत्राच्या सरक्या कुठे. तिथून ज्या ज्या खेळी शक्य, त्यांचे रंगीत बाण. आत प्रत्येक बाणाचा एक दाणा. माझी खेळी झाली की तसं चित्र असलेली पेटी शोधायची, हलवायची, डोळे मिटून दाणा काढायचा, त्या रंगाच्या बाणावर सरकी सरकवायची. यंत्र हरलं, की ज्या दाण्याने ते शेवटी चुकलं तो दाणा कायमचा बाहेर. खिडकीतून चिमण्यांना. बस, एवढंच त्याचं शिक्षण.

मी किराणावाला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "ताई, मुगाले कीड लागते. मण्यांची माळ घे, तोड, मणी टाक."

"माह्या शाळेच्या पोरी बोरगाव-रामाकोन्याच्या खेड्यांतून येतात. त्यांच्या घरी मणी नसन, मूग तं असन. घरी करता आलं पाहिजे त्यांले."

"अन् कीड?"

"कीड लागेपर्यंत शिकते ते."

शिकलं गं. सुरुवातीला मी धडाधड जिंकायचो आणि तू प्रत्येक वेळी अशी हसायचीस, जशी कोणी बाळ पडल्यावर हसतं. मी म्हणायचो, एवढा घोळ कशाला, तुला ठाऊक आहे कोणते दाणे चुकीचे, काढून टाक एकदाचे. तू एकदम बाई व्हायचीस. "मंग ते माही अक्कल झाली. त्याची कशी? त्याले कोणी सांगायचं नाही. त्यानंच हारायचं, त्यानंच समजायचं." यावरून आपण किती वेळा भांडलो. मला ते तेव्हा निव्वळ शाळेतलं खूळ वाटायचं.

हळूहळू मी कमी जिंकू लागलो. मग कधीमधी. मग मुळीच नाही. मला संशय, दाणे तू चाचपून काढतेस. म्हणून सुमनला बसवलं. ती पदराने डोळे झाकून हात पुढे करायची, आणि मला हरवून चहा ठेवायला जायची. माझ्या बायकोने डोळे मिटून मला हरवलं, ही गोष्ट तू अख्ख्या सौंसरात सांगितलीस.

आणि मग ती दुपार. तू सगळ्या पेट्या उघडून चटईवर मांडल्या होत्या आणि कुठे काय उरलंय ते बघत होतीस. मग मला दुकानातून हाक मारलीस.

"वसंता, हे पाय. तू पहिली खेळी कोणतीबी कर. प्रत्येकीले उत्तर आहे. पहिला खेळणारा हारतेच. समोरचा चुकला नाही तं त्याचा इलाजच नाही."

"मतलब?"

"मतलब तू ढ नव्हता. तू पहिला होता."

गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. मी आत येऊन उभा राहिलो होतो, हातात माप होतं. तुला वाटलं मला आनंद होईल. मला काय झालं ते मलाच कळलं नाही. मी ओरडलो, "आता सांगून राहिली? अर्धं डोकं पांढरं झालं माह्यं. आता ह्याचं काय करू मी, डाळीत टाकू?"

तू हळू आवाजात म्हणालीस, "मले तरी कुठं माहीत होतं? मलेबी तं वाटे, मीच हुशार."

ताई, या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो. तू होतीसच हुशार. तुझ्यावाचून हे कोणाला सापडलं असतं? पुरी हयात आपल्याला जिंकवणारा नियम स्वतःच्या हाताने उकरून काढायचा आणि तो हरणाऱ्याच्या हातात ठेवायचा, हे कोण करतं? मी त्या दिवशी गिऱ्हाइकाला डाळ मोजून दिली आणि पैसे घ्यायचे विसरलो, आणि रात्री जेवताना तुझ्याशी बोललो नाही, तरी मनात कुठेतरी एक गाठ सुटली होती. ती सुटली हे तुला सांगायचं राहिलं.

त्यानंतर तू एकच धरून बसलीस. दर शनिवारी यायचीस, पिशवी ठेवायचीस आणि म्हणायचीस, "चल, आता उलटं खेळू. मी पहिली."

"लहान पहिला."

"आई गेली, तिचा नियम गेला."

"आई गेली म्हणून तं नियम राहिला."

सुमन म्हणायची, दोघं म्हातारे व्हायले आले अन् चिंचोक्यांवरून भांडतात. मला तुझ्याकडून जिंकायचं नव्हतं. तू हरायला बसलीस की ते जिंकणं कसलं? तू म्हणायचीस, तसं नाही, मी जीव लावून खेळीन, तरी हरीन, तेच तर पाहायचंय. वाद तिथेच अडकायचा आणि सोमवारची गाडी यायची.

या जेठात तू शाळा सोडून आमच्याकडे आलीस ती परत न जाण्यासाठी, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मी तुझी खाट दुकानामागच्या खोलीतच टाकली. तिथून तुला गिऱ्हाइकांचे आवाज ऐकू यायचे आणि फळीवरच्या पेट्या दिसायच्या. तू दिवसेंदिवस खाटेत बुडत चालली होतीस. आधी पोळी सुटली, मग वाचन, मग उठून बसणं. रोज काहीतरी तुझ्याकडून काढून घेतलं जात होतं आणि मी शेजारी बसून ते बघत होतो.

एका दुपारी तू सुमनकडून पाटी मागवलीस, पोटावर आडवी ठेवलीस, नऊ घरं आखलीस. मोहरे मांडलेस. आणि मी काही बोलायच्या आत तुझी मधली सरकी एक घर पुढे सरकवलीस.

"खेळ."

मला उत्तर ठाऊक होतं. तुझ्या यंत्राने इतक्या वेळा मला हरवून ते शिकवलं होतं. एक चिंचोका तिरपा उचलायचा, तुझी सरकी मारायची, एवढंच. माझा हात निघाला नाही. मी म्हटलं, "बरी झाली की खेळू."

तू माझ्याकडे बघितलंस. "मले हारू तं दे, बाप्पा," तू म्हणालीस.

मी ती सरकी उचलून परत तिच्या घरात ठेवली. पाटी पुसली. सारं जग तुला हरवायला बसलं होतं, त्यात मी कसा बसू? माझ्या हाताने तुझा एकसुद्धा मोहरा मला मारायचा नव्हता. एवढंच होतं ताई, दुसरं काही नाही. आईच्या नियमाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तू डोळे मिटलेस आणि मला वाटलं झोपलीस. त्यानंतर पाटी तू मागितली नाहीस, आणि श्रावण संपायच्या आत गेलीस.

म्हणून त्या पेट्यांवर माझा एवढा जीव होता. पाटी मी पुसली होती, पण पेट्यांत आपल्या सगळ्या रविवारांचं काही तरी शिल्लक होतं. प्रत्येक कमी दाणा म्हणजे माझी एक जिंकलेली बाजी आणि तुझं एक हसणं. मला वाटलं होतं, तुझ्याशिवाय का होईना, मी पुढे बसेन, यंत्र मला हरवेल, आणि क्षणभर वाटेल की समोर तू आहेस. तेही गेलं. कीड जे खाऊ शकली नाही ते प्रेमाने भरून निघालं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सौंसरला गेलो. सुमनला म्हटलं, ताईच्या पेन्शनच्या कागदांचं बघून येतो. वेड्यासारखी एकच आशा होती, की शाळेत तू मुलींकडून तसंच यंत्र करून घेतलं होतंस, ते असेल. ते तुझ्या हाताखाली शिकलेलं, म्हणजे जवळपास तुझंच. तुझ्या जागी आलेल्या बाईंनी कपाट उघडून दिलं. पेट्या होत्या. उंदरांनी कुरतडलेल्या, आत नुसता भुसा. मी विचारलं, मुलींनी घरी केलेली असतील? बाई बिचाऱ्या हसल्या. "परीक्षा झाली की पोरींनी मूग घरी नेले, भाऊ. शिजलेबी असन." तू म्हणाली होतीस ना, घरी करता आलं पाहिजे. घरी शिजलं. येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि पांढुर्णा येईपर्यंत मान वळवली नाही.

घरी येऊन पेट्या पुढ्यात घेतल्या. काही दाणे मला आठवत होते, कोणत्या पेटीत तूर नव्हती, कोणत्या पेटीत ज्वारी. ते काढून टाकले असते तर निम्मं यंत्र परत उभं राहिलं असतं. एक मूग चिमटीत धरलाही. पण लगेच तू आलीस. त्याले कोणी सांगायचं नाही. आयुष्यभर तुझ्याशी ज्यावरून भांडलो, तेच आता मला मोडवेना. बाकी सगळं मोडून गेलंय ताई, हे एक तरी राहू दे.

मग पहिल्यापासून सुरू केलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बसतो. चिंचोका सरकवतो, चित्र शोधतो, डोळे मिटून दाणा काढतो. एरंडेलाने दाणे निसटतात. आणि ताई, मी जिंकतो. सारखा जिंकतो. यंत्र अडाण्यासारखं खेळतं, समोर उघडी वाट असली तरी दुसरीकडेच जातं. मधूनच एखादा डाव त्याला लागतो, पण तो चिठ्ठी लागल्यासारखा. त्यात तू नाहीस, ते मला लगेच कळतं. जन्मभर जे एकदा मिळावं म्हणून मी झुरलो, ते आता पसाभर मिळतंय आणि मला नकोसं झालंय. प्रत्येक जिंकण्याला एक दाणा बाहेर काढायचा असतो. चिमण्या तेलकट दाणा उचलत नाहीत. मी खिशात टाकतो.

आज असंच झालं. तिसऱ्या खेळीत माझा चिंचोका पलीकडे पोचला आणि मला रडू आवरेना. सुमन दारात उभी होती.

"जिंकले ना तुम्ही? मंग रडून कायले राहिले?"

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ती आत आली, माझ्यासमोर चटईवर बसली, जुन्यासारखा पदर डोळ्यांवर ओढला आणि हात पुढे केला.

मी मोहरे परत मांडले. तुझ्या बाजूला सरक्या, माझ्या बाजूला चिंचोके. तू गेलीस तरी लहान मीच आहे, तेव्हा पहिली खेळी माझीच. मधला चिंचोका एक घर पुढे सरकवला, त्या चित्राची पेटी शोधली, हलवली, आणि सुमनच्या हाताखाली धरली. ती दाणा काढेपर्यंत मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"हारव ना मले, ताई," मी म्हटलं.